काळ्या जमिनीला मीठ कोठून फुटते?

एप्रिल-मे महिन्यात कधी कृष्णाकाठच्या शिरोळ, मिरज किंवा वाळवा तालुक्यात गेलात, तर सकाळी शिवारात एक चक्कर मारा. हिरव्यागार उसाच्या फडांना लागूनच एखादा तुकडा पांढराफटक दिसेल. जणू कोणी पीठ सांडून ठेवले आहे. ते पीठ नव्हे, क्षार आहेत. अशा जमिनीला शेतकरी क्षारपड म्हणतात. समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे. मग हे मीठ आले कोठून?

थोडे खडकातून आले. आपली काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक. तो झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम मोकळे होतात. पण बरेचसे मीठ आपणच शेतात ओततो! चमकलात ना? हिशेब करून पाहा. एका हेक्टरावर वर्षभरात २ मीटर उंचीचे पाणी दिले, तर ते २ कोटी लिटर भरते. समजा, त्या पाण्याच्या लिटरमागे केवळ अर्धा ग्रॅम क्षार आहेत; जिभेला ते कळणारही नाहीत. तरी एकूण क्षार झाले १० टन. पाण्याची वाफ होते, पीक पाणी शोषते. क्षार मात्र बहुतेक सगळे मागे राहतात.

तुम्ही म्हणाल, नदी तर शेजारीच आणि शेतापेक्षा खोल आहे; जास्तीचे पाणी क्षार घेऊन तिकडे निघून का जात नाही? येथेच काळ्या मातीचा स्वभाव आडवा येतो. तिचे कण अतिशय बारीक, आणि भिजले की फुगणारे. छिद्रे मिटतात व पाणी आडवे सरकतच नाही म्हटले तरी चालेल. त्यातच जुने ओढे-नाले नांगरटीत बुजलेले असले, तर उरलीसुरली वाटही बंद. वर्षानुवर्षे पाणी साचून भूजलपातळी चढत जाते.

ती जमिनीखाली दीड-दोन मीटरवर आली, की आपल्या पदार्थविज्ञानातील एक जुना मित्र कामाला लागतो: केशाकर्षण. काचेच्या नळीची त्रिज्या १ मि.मी. असेल, तर तिच्यात पाणी सुमारे दीड सें.मी. चढते. त्रिज्या शंभरपट कमी केली, तर उंची शंभरपट, म्हणजे दीड मीटर! मातीतील छिद्रे सरळ नळ्या नव्हेत, म्हणून हा हिशेब ढोबळ समजा. पण दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खारे पाणी वर येते, उन्हाने पाणी उडते आणि पांढरा थर उरतो. शेतकऱ्याला वाटते पीक वाळते आहे, म्हणून तो आणखी पाणी देतो. मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत करुण भाग हाच वाटतो.

हे आजचे दुखणे नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि १९१० साली डॉ. हॅरोल्ड मान व त्यांच्या सहकाऱ्याने नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिकाच लिहिली. जेमतेम पंचवीस वर्षे!

जमीन कितपत बिघडली हे विजेने मोजतात. शुद्ध पाणी विजेचे मंदवाहक, क्षारांचे पाणी सुवाहक. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली, तर जमीन क्षारयुक्त मानतात. उसाचे उत्पादन तर १.७ च्या पुढेच घटू लागते, म्हणजे पांढरा थर दिसण्याची वाट पाहणे परवडत नाही.

एक प्रयोग तुम्हीही करा. चांगल्या शेताची व बिघडलेल्या शेताची एकेक चमचा माती दोन बाटल्यांत घ्या. अर्धा-अर्धा पेला ऊर्ध्वपातित पाणी घालून हलकेच हलवा आणि रात्रभर ठेवा. बिघडलेल्या मातीवरचे पाणी नितळ झाले, तर तिच्यात नुसते क्षार असण्याचा संभव अधिक. ते गढूळच राहिले, तर सोडियमचा संशय घ्या. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. दोन धन भार असलेला कॅल्शियम त्यांना जवळ आणतो. एकाच भाराचा, पाण्यात लपेटलेला सोडियम त्यांना दूर ठेवतो. अशा जमिनीला चोपण म्हणतात. तिला माती तपासून ठरवलेल्या मापाने जिप्सम द्यावे लागते, कारण त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. नुसत्या पाण्याने ती धुऊन निघत नाही.

दोन्ही जमिनींना निचरा मात्र हवाच. त्यासाठी साधारण एक ते दीड मीटर खोलीवर छिद्रांचे प्लॅस्टिक नळ उताराने पुरतात. पण नळाचे तोंड सोडायचे कोठे? नाल्यापर्यंतची वाट बहुधा शेजाऱ्याच्या शेतातून जाते. त्याची संमती मिळवणे हे नळ पुरण्याहून अवघड काम!

गावात असे नळ असतील, तर शिक्षकांबरोबर वाहकतामापक घेऊन जा. शेताला दिलेले पाणी आणि नळातून बाहेर पडणारे पाणी, दोन्ही मोजा. नळाचे पाणी अधिक खारे भरले, तर क्षार शेतातून बाहेर पडत आहेत. मग तिसरी नोंद घ्या: नाला नदीला मिळतो त्याच्या खालच्या बाजूची. पुढच्या गावाचे पाणी तेथूनच जाते.