गाडी सोड

सकाळचे 6.55. डोंबिवली स्टेशन, मुंबईकडे जाणाऱ्या फास्ट गाड्यांचा फलाट. पाऊस बारीक आहे, पण छपराच्या फटीतून पाण्याची एक धार नेमकी लेडीज डबा येतो तिथे लागलीय आणि बायका तिच्या दोन्ही अंगांना फाकून उभ्या आहेत. माझी भाची पाठीवरची सॅक काढून पोटावर घेते. ओढणीला गाठ मारून टोकं कमरेशी खोचते. मोबाइल आतल्या कप्प्यात टाकून चेन ओढते. हे सगळं ती हातांच्या सवयीने करते, नजर इंडिकेटरवर आहे. ठाण्याच्या कॉलेजात एफवायला जायला लागून तिला जेमतेम महिना झालाय.

मी बरोबर आलेय ती ताईच्या सांगण्यावरून. "एक दिवस तिच्यासोबत जा, रात्री तिच्यासोबतच परत ये आणि पोर कशी जाते-येते ते मला खरं खरं सांग," असं ताई काल म्हणाली. कॉलेज निवडताना तिने सगळं पाहिलं होतं. गेटवर वॉचमन आहे का, जिन्यात कॅमेरे आहेत का, मुलींच्या कॉमन रूमला आतून कडी आहे का. सगळं आहे. डोंबिवली ते ठाणे हे चौदा-पंधरा किलोमीटर मात्र कुठल्याच कॉलेजच्या माहितीपत्रकात नसतात, आणि ताईची झोप उडालीय ती त्यांच्यापायी.

"मावशी, माझ्या मागे राहा. आधी उतरणाऱ्या उतरू देत. चढताना एक हात दांड्याला, आणि आत गेल्याशिवाय दांडा सोडायचा नाही," भाची मला बजावते. याच फलाटावरून मी पाच वर्षं कॉलेजला गेलेय, तरी मुकाट्याने मान हलवते.

गाडी येते ती भरूनच. दारातल्या बायका आतूनच हात हलवून नको म्हणतात. भाचीचा एक पाय फुटबोर्डवर पडतो, अर्धाच. हाताला कडी लागते. मागून तिच्या वर्गातली चष्मेवाली मुलगी तिच्या सॅकचा पट्टा घट्ट धरते.

"गाडी सोड."

"अगं, साडेसातचं लेक्चर..."

"सोड म्हणते ना!"

भाची पाय मागे घेते. गाडी हलते. शेजारचा जनरल डबा आमच्यासमोरून सरकतो. त्याच्या दारात माणसांचा घोस लोंबतोय आणि घोसाच्या अगदी बाहेरच्या कडेला एक मुलगा आहे, अठरा-एकोणीस वर्षांचा. पायांचे चवडे तेवढे टेकलेले, पाठ पूर्ण बाहेर. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र वाऱ्याने मागे उडतंय. लाल नाडी. भाचीच्या गळ्यातही तीच नाडी आहे.

पुढची गाडी सहा मिनिटांनी येते. तीही भरलेली, पण दारात जरा फट आहे, आणि आत कल्याणहून बसून आलेल्या मैत्रिणीचा मेसेज आधीच आलाय: मधला लेडीज, दुसरं दार. ती आमचे हात धरून आत ओढते. एका कुणाच्या कोपराखाली माझं डोकं, पण दोन्ही पाय डब्यात आहेत.

कोपर मागे पडतं, मग दिवा. मुंब्र्याचा डोंगर दिसायला लागतो आणि गाडी वळणावर कलते. डब्यातला आवाज किंचित उतरतो. मला वाटलं म्हणून असेल, पण शेजारच्या बाईचा हात दांड्यावर घट्ट होताना मी बघते. 9 जून 2025, सोमवार, सकाळची गर्दी. इथेच, दोन गाड्या उलट दिशांनी एकमेकींजवळून जात असताना, एक मुंबईकडे आणि एक कसाऱ्याकडे, दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली. चार जण त्याच दिवशी गेले. लटकलेल्यांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकींना घासल्या असाव्यात, असं रेल्वेने तेव्हा सांगितलं. भाची सॅक पोटावर घेते ती त्या दिवसापासून. साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवू, अशी घोषणा लगेच झाली. आज आमच्या डब्याचं दार उघडं आहे आणि पाऊस आत येतोय.

2024 या एका वर्षात मुंबईच्या लोकलमार्गांवर 2,400 हून अधिक माणसं मेली. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला आपटून. त्यात कॉलेजची मुलं किती, याचा वेगळा रकाना मी कुठे पाहिलेला नाही. पण जानेवारी 2014 मध्ये घाटकोपरला सोळा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गाडी आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत पडून गेले, ते या रेल्वेने ये-जा करणारी कुठलीच आई विसरलेली नाही. सहा वर्षांनी, ऑगस्ट 2020 मध्ये, परळच्या हॉस्पिटलात तिच्यावर हातांचं प्रत्यारोपण झालं. त्या अपघातानंतरच फलाट उंच करायच्या कामाला जोर आला. आज डोंबिवलीला माझा गुडघा चढताना दुखला नाही, तो त्या मुलीमुळे.

"मावशी, तुमच्या वेळी बोगदा होता ना?" चष्मेवाली विचारते.

होता. फास्ट गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची. 1916 सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब. आत शिरताच डब्यात काळोख व्हायचा आणि चुकून जनरल डब्यात चढलेली मुलगी त्या मिनिटभरात काय काय सोसायची, ते आम्ही घरी कधीच सांगितलं नाही. ओढणीला सेफ्टी पिन लावलेली असायची, ती हातात काढून ठेवायची, एवढंच एकमेकींना शिकवलेलं. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, फास्ट लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना उरला.

या मुली सांगतात. मला सगळ्यात बरं वाटतं ते याचं. चष्मेवालीच्या मागे गेल्या आठवड्यात एक माणूस लागला होता. ठाण्याच्या पुलावर तीन दिवस तोच, तीच निळी छत्री. चौथ्या दिवशी पाच जणी मिळून पुलावरून गेल्या, छत्री दिसताच दोघी तिच्यासोबत थांबल्या आणि दोघींनी स्टेशनातल्या लोहमार्ग पोलिसांना आणलं. पोलिसांनी त्याला बाजूला घेतलं. तिने लेखी तक्रार दिली. "पाठलाग करणं हा गुन्हा आहे, मावशी, न्याय संहितेचं 78 कलम," ती चष्मा पुसत म्हणते. लोहमार्ग पोलिसांचा 1512 आणि रेल्वेचा 139, दोन्ही नंबर तिच्या फोनमध्ये पहिल्या पानावर आहेत. घरी सांगितलंस का, असं मी विचारते. "सांगितलं ना. बाबा आधी म्हणाले, कॉलेज बदल. मग आईच त्यांना बोलली."

आईच बोलली! मुलीने सांगितलं की तिचंच जाणं-येणं बंद करायचं, या एका भीतीने आमच्या पिढीची तोंडं मिटली होती.

ठाणे. आम्ही उतरत नाही, उतरवल्या जातो. पूल, जिना, मग ओला रस्ता. रिक्षांच्या आणि टीएमटीच्या बसच्या मधून मुली वाट काढतात. खोदलेल्या फुटपाथवर फळी टाकलीय, तिच्यावरून एकेक करून जातात. 7.37 ला गेट. मी वॉचमनच्या वहीत नाव, वेळ, फोन लिहिते, ओळखपत्र दाखवते. तो मला व्हिजिटरचा बिल्ला देतो. त्याचं काम तो नीट करतोय.

पहिल्या मजल्यावर वर्गाचं दार बंद आहे. बाहेर सात-आठ मुलं भिंतीला टेकून उभी आहेत. छत्र्यांचं पाणी गळून व्हरांड्यात थारोळं झालंय. भाची टकटक करत नाही. "पाच मिनिटांनंतर घेत नाहीत," ती हळूच म्हणते. या तासाला आज तिच्या नावापुढे गैरहजेरी लागणार. मुंबई विद्यापीठाचा हजेरीचा नियम 75 टक्के. नियम चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही, शिकायचं तर वर्गात बसायला हवं.

मी दाराच्या काचेतून आत बघते. आत पन्नासेक मुलं आहेत, सगळ्यांच्या गळ्यात लाल नाडी. दारात लटकून आलेला तो यांच्यात आहे की नाही, मला ओळखता येत नाही. पण पहिल्या गाडीने आलेली मुलं आत आहेत, हजर आहेत. गाडी सोडणारी माझी पोर बाहेर उभी आहे.

माझ्या पोटात गोळा येतो. उद्या चष्मेवालीने पट्टा धरला तरी ही तो सोडवून घेईल का?

खालच्या मजल्यावर सूचनाफलक आहे. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा 1800-180-5522 हा नंबर, त्याखाली 1999 च्या महाराष्ट्राच्या कायद्यातली शिक्षा: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून काढून टाकणं आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. त्याच्या शेजारी अंतर्गत तक्रार समितीची यादी. युजीसीच्या 2015 च्या नियमांनी ही समिती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थीही हवेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. मी तिथून जाणाऱ्या तीन मुलींना विचारते, यातल्या कोणत्या मॅडमना तुम्ही ओळखता? एकीला एक नाव माहीत आहे, कारण त्या तिला केमिस्ट्री शिकवतात. कागद पहिल्या आठवड्यात वर्गात वाचून दाखवला असता तर तिघींनाही माहीत असतं.

रात्री 9.30 ला मी पुन्हा गेटवर आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी एकांकिकेची तालीम चाललीय, ठाण्या-डोंबिवलीच्या कॉलेजांत पावसाळा म्हणजे हेच. हॉलमधून टाळ्या ऐकू येतात, मग एकदम पंधराएक मुलंमुली बाहेर पडतात. दिग्दर्शक हा टीवायचा मुलगा आहे, आवाज बसलेला. तो आधी मोजतो. कल्याणच्या चार, डोंबिवलीच्या तीन, कळव्याची एक. कळवावालीला दोघं घरापर्यंत सोडणार. बाकीच्यांना सगळे मिळून फलाटापर्यंत. असं कर म्हणून त्याला कुणी लिहून दिलेलं नाही. आधीच्या दिग्दर्शकाने केलं, म्हणून हा करतो.

लेडीज डब्यात या वेळी बसायला जागा आहे. दाराशी गणवेशातला एक पोलीस उभा आहे. मुली डबा अर्धा रिकामा असूनही एकाच बाकाभोवती गोळा होतात आणि संवाद म्हणायला लागतात. डोंबिवलीला उतरून रिक्षाच्या रांगेत उभं राहिल्यावर भाची फोन काढते. एकांकिकेच्या ग्रुपवर एकेक शब्द येत राहतो. पोचले. पोचलो. पोचले. घरी शिरता शिरता तीही लिहिते. 10.50 ला एकच नाव उरतं, टिटवाळ्याच्या मुलाचं. ही जेवायला बसत नाही, ताट समोर घेऊन फोनकडे बघते. 11.05 ला त्याचा शब्द येतो आणि मग ती भात कालवते.

ताई माझ्याकडे बघते. मी तिला सांगते, पोर नीट जाते, नीट येते, तिला तिच्या मैत्रिणी सांभाळतात आणि ती त्यांना. सकाळचं बंद दारही सांगते.

गर्दी विभागावी म्हणून मध्य रेल्वेने शेकडो कार्यालयांना वेळा बदलायची विनंती करणारी पत्रं पाठवली. कॉलेजांना अशा पत्राची वाट बघायची गरज नाही. प्राचार्य, प्राध्यापक, आपल्या वर्गातली अर्धी मुलं कल्याण, बदलापूर, टिटवाळा, दिव्याहून येतात हे आपल्या हजेरीपटावर लिहिलेलं आहे. पहिलं लेक्चर वीस मिनिटं पुढे घ्या. ते जमत नसेल तर निदान पावसाळ्याचे चार महिने, जी मुलगी भरलेली गाडी सोडून पुढच्या गाडीने आली, तिच्यासाठी दार उघडा आणि तिची हजेरी लावा.