पलंग शोभेचा आणि झोपेचा

नवे घर घेतले की हॉलमधल्या सोफ्यानंतर सर्वाधिक चर्चा होते ती बेडरूममधल्या पलंगाची. दिल्लीच्या कीर्तीनगरसारख्या फर्निचर बाजारात फेरी मारली, तर मखमली हेडबोर्ड, सोनेरी कडा, जमिनीलगतची ‘जपानी’ बैठक, खालून झिरपणारा निळसर प्रकाश अशी एकाहून एक देखणी रूपे दिसतात. किंमत काही लाखांच्या घरात गेली तरी हप्त्यांची सोय असते. पलंगाचे लाकूड, रंग, मागच्या भिंतीचा वॉलपेपर यांचा विचार महिनाभर चालतो. गादी मात्र बहुतेकदा शेवटच्या दिवशी, उरलेल्या पैशांत किंवा ‘पलंगाबरोबर मोफत’ म्हणून घरी येते.

आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम नेमका उलटा आहे. पलंगाचा जो भाग पाहुण्यांना दिसतो त्याचा आपल्या झोपेशी फारसा संबंध नसतो. पाठ, गुडघे आणि श्वास यांच्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टी चादरीखाली, फळीखाली आणि डिंकात दडलेल्या असतात. महागडा पलंग घेऊ नये असे नाही. पण पैसे मोजताना त्या न दिसणाऱ्या गोष्टी आधी तपासाव्यात.

कडक गादीचा समज

‘पाठ दुखते? मग कडक अंथरुणावर, नाहीतर सरळ फळीवर झोपा’, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिला जातो. काही दशकांपूर्वी डॉक्टरही तो सर्रास देत. या समजाची नीट परीक्षा स्पेनमध्ये झाली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या 313 रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला कडक, तर दुसऱ्याला मध्यम कडक गादी दिली. कोणाला कोणती गादी मिळाली हे रुग्णांना सांगितले नव्हते. 90 दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणात पडल्यावर आणि सकाळी उठताना होणारी वेदना कमी होती, रोजच्या कामातली अडचणही कमी होती. हा अभ्यास 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यामागचे कारण शरीराच्या ठेवणीत आहे. पाठीचा कणा सरळ काठीसारखा नसतो. मानेत आणि कमरेत तो पुढे, तर पाठीत मागे वळलेला असतो. अगदी कडक पृष्ठभागावर खांदे आणि नितंब टेकतात, कमर मात्र अधांतरी राहते आणि तिला सावरण्यासाठी स्नायू ताणलेलेच राहतात. अति मऊ गादीत उलट घडते: शरीराचा जड भाग, म्हणजे नितंब, खाली रुततो आणि कण्याला झोळीसारखा बाक येतो. खांदे व नितंब थोडे आत जातील आणि कमरेला खालून आधार मिळेल, एवढाच मऊपणा हवा.

कुशीवर झोपणाऱ्यांना खांदा रुतण्यासाठी किंचित मऊ गादी लागते, पालथे झोपणाऱ्यांना थोडी कडक. वजनदार व्यक्तीला जी गादी मऊ वाटते, तीच सडपातळ व्यक्तीला कडक वाटू शकते. त्यामुळे ‘ऑर्थोपेडिक’ असा छापील शिक्का पाहून निवड करू नये. तो विक्रीचा शब्द आहे, तुमच्या पाठीची तपासणी करून दिलेला सल्ला नाही. दुकानात गादी हाताने दाबून काही कळत नाही. पादत्राणे काढून, आपण घरी ज्या कुशीवर झोपतो त्याच स्थितीत दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. उताणे पडल्यावर कमरेखालून हात आरपार सहज सरकला तर गादी फार कडक. हात घालताच येत नसेल तर फार मऊ. जोडप्याने एकत्र जावे. एकाने कूस बदलल्यावर दुसरा हलतो का, हेही तिथेच पाहता येते.

गादीच्या पोटात काय आहे?

पूर्वी पिंजारी दारात येऊन कापूस पिंजून गादी पुन्हा भरून देत असे. गाठी झालेली गादी त्यामुळे दोन-तीन वर्षांनी नवी होई. आजच्या गाद्यांना ही सोय नाही. म्हणून आत काय भरले आहे ते आधीच विचारावे.

मेमरी फोमचा जन्म 1966 मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’साठी झालेल्या कामातून झाला. विमानातील आसनावरचा दाब सगळीकडे सारखा विभागला जावा, हा हेतू होता. शरीराच्या उबेने तो मऊ होतो आणि आकार घेतो. तोच त्याचा गुण आणि आपल्या हवेतला दोष. झोप लागताना शरीराचे आतले तापमान खाली येऊ लागते आणि ही उष्णता त्वचेवाटे बाहेर पडावी लागते. चारही बाजूंनी लपेटणारा दाट फोम ती अडवतो. एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात अशा गादीवर अनेकांना घामाने जाग येते. पॉकेट स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते. हवा खेळते आणि हालचालही कमी पसरते. नैसर्गिक लेटेक्स लवचीक असतो, पण महाग आणि वजनदार. रबरीकृत काथ्याची गादी हवेशीर आणि स्वस्त असते, पण कडक. तिच्यावर दोन-तीन इंचांचा मऊ थर असलेला बरा.

उंचीचे गणित

जमिनीलगतचे पलंग छायाचित्रात सुंदर दिसतात. पण आसन जितके खाली, तितका उठताना गुडघ्यांवर आणि मांडीच्या स्नायूंवर भार जास्त. संधिवात असलेल्या आजींसाठी असा पलंग म्हणजे रोज पहाटेची परीक्षा. दुसऱ्या टोकाला भपकेदार ‘हॉटेल’ पद्धतीचे पलंग असतात: 14 इंचांची बैठक आणि तिच्यावर 12 इंचांची गादी. पाच फूट उंचीची बाई 26 इंचांवर बसली की तिचे पाय अधांतरी लोंबकळतात. रात्री अंधारात घाईने उतरताना तोल जाण्याची भीती इथेच असते, आणि उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असताना एका पडण्याने खुबा मोडू शकतो.

काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकावेत आणि गुडघे साधारण काटकोनात असावेत, ही सोपी कसोटी. बहुतेकांना गादीसह 18 ते 20 इंच उंची सोयीची पडते. ठेंगण्या व्यक्तीला त्याहून थोडी कमी. पलंगाची उंची आणि गादीची जाडी यांची बेरीज दुकानातच करावी. काठ दाबल्यावर फार खचू नये, कारण उठताना हात तिथेच टेकतात.

खोलीचे मापही धरावे. आपल्याकडचा किंग साइज साधारण 6 बाय 6.5 फूट, तर क्वीन साइज 5 बाय 6.5 फूट असतो. 10 बाय 10 फुटांच्या खोलीत किंग साइज ठेवून कपाट बसवले, की चालायला जेमतेम बोळ उरतो. पलंगाच्या टोकदार कोपऱ्यांवर नडग्या आपटतात त्या याच बोळात. किमान एका बाजूला दोन फूट मोकळी जागा हवी. घरात वयस्कर माणसे असतील तर दोन्ही बाजूंना.

लाकडाचा ‘नवा’ वास

नव्या फर्निचरचा उग्र वास अनेकांना नवेपणाची खूण वाटतो. त्यात फॉर्मल्डिहाइड वायूचा वाटा असू शकतो. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि हलक्या प्लायवूडमध्ये भुसा किंवा पातळ पापुद्रे चिकटवायला बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंक वापरतात. त्यातून हा वायू महिनोन् महिने हळूहळू बाहेर पडतो. उष्णता आणि दमट हवेत अधिक वेगाने. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्यांना त्रास वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. घरातील हवेसाठी संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे अर्ध्या तासाच्या सरासरीने प्रति घनमीटर 0.1 मिलिग्रॅम.

घाबरण्याचे कारण नाही, पण विचारण्याचे आहे. बोर्डावर ‘ई-1’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची ‘ई-0’ श्रेणी आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. फिनॉलयुक्त डिंकाचे, म्हणजे ‘बीडब्ल्यूपी’ प्लाय त्या मानाने फारच कमी वायू सोडते. पलंगाची आतली, खालची बाजूही लॅमिनेटने झाकलेली आणि कडा पट्टीने बंद केलेल्या असाव्यात. बाहेरून चकचकीत आणि आतून उघडा बोर्ड, हा नेहमीचा काटकसरीचा प्रकार. नवा पलंग आल्यावर पहिले काही आठवडे खिडक्या शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवत राहतो, हे लक्षात ठेवावे.

पावसाळा, धूळ आणि बंद पेटी

जागेच्या टंचाईमुळे पेटीवजा स्टोरेज बेड शहरांत लोकप्रिय आहेत. त्यात गादी अखंड फळीवर असते आणि खालून हवा लागत नाही. रात्रभरचा घाम आणि पावसाळ्यातला दमटपणा तिथे अडकतो. मुंबई-कोकणात बुरशीचे काळे ठिपके याच बाजूला दिसतात. फळीला भोके पाडून घेणे किंवा पट्ट्यांची बैठक निवडणे हा उपाय. पट्ट्यांमधले अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर फोम त्यात खचतो.

धुळीतले सूक्ष्म माइट हा आणखी एक मुद्दा. साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे हे जीव आपल्या गळलेल्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि पाणी हवेतल्या बाष्पातून घेतात. ते चावत नाहीत. पण त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे अनेकांना सकाळी शिंकांची माळ लागते आणि दमा बळावतो. आर्द्रता 50 टक्क्यांखाली राहिली तर ते तग धरत नाहीत. गाद्या उन्हात टाकण्याची आपली जुनी सवय म्हणूनच शास्त्रशुद्ध होती. 12 इंचांची गादी गच्चीवर नेणे अशक्य. तेव्हा तिला घट्ट विणीचे, चेनचे आवरण घालावे, चादरी व अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवावेत आणि सकाळी उठल्याबरोबर अंथरूण झाकून न टाकता तासभर उघडे ठेवावे.

घरात दमेकरी असेल तर बटणांच्या खाचा असलेला मखमली हेडबोर्ड टाळलेला बरा. धूळ, केसांचे तेल आणि संधी मिळाल्यास ढेकूण यांना त्या खाचा उत्तम आसरा देतात. पुसता येणारे लाकूड किंवा काढून धुता येणारे कापड चालेल. पलंगाखालच्या दिव्यांचा निळसर-पांढरा प्रकाश मेंदूला दिवसाची चाहूल देतो आणि झोपेचे मेलाटोनिन दबते. हौस असेल तर मंद, पिवळसर-तांबूस दिवा लावावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

वर्षाखालील बाळाला मोठ्यांच्या मऊ, जाड गादीवर, उशा-दुलयांमध्ये झोपवू नये. तोंड रुतून श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाला सपाट, घट्ट पृष्ठभागावर उताणे झोपवावे.

आणि पाठदुखीचे प्रत्येक उत्तर गादीत नसते. कमरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल, ताप किंवा वजन घटणे सोबत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. लघवी-शौचावरचे नियंत्रण सुटले तर तातडीने. अशा वेळी नवा पलंग घेऊन वाट पाहण्यात मौल्यवान दिवस वाया जातात.

खरेदीला निघताना आधी गादी, मग तिला साजेशी बैठक आणि उंची, मग लाकूड व डिंक आणि उरलेल्या पैशांत हेडबोर्ड, असा क्रम ठेवावा. घरी काही रात्री झोपून पाहून परत करता येते का, हेही लेखी विचारून घ्यावे. सजावट नंतरही बदलता येते. गादीवर मात्र रोज सात-आठ तास काढायचे असतात.