पाहुणे, रहिवासी आणि दिवसांचा हिशोब

लेखमाला : पेन्शनीनंतरचा प्रवास – लेखांक ५

‘१८२ दिवस देशाबाहेर काढले की आपण एनआरआय झालो,’ हे वाक्य नागपुरातल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिक मंडळात ऐकायला मिळतं. मुलगा डॅलसला, मुलगी टोरांटोला आणि आई-बाबा वर्षातले पाच-सहा महिने त्यांच्याकडे, अशी घरं आता धरमपेठ, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर इथे गल्लोगल्ली आहेत. एप्रिलच्या अखेरीस ऊन चढलं की निघायचं आणि दसऱ्याच्या आगेमागे परतायचं, हा त्यांचा नेम. हे वाक्य त्यांच्या कामाचं नाही. त्याच्या भरवशावर कुणी रिटर्नमध्ये ‘अनिवासी’ लिहितं, कुणी बँकेत जाऊन खातं बदलून घेतं आणि मग निस्तरत बसावं लागतं. म्हणून आजचा लेखांक दिवसांच्या हिशोबालाच.

घोळाचं मूळ असं, की तुमचे दिवस वेगवेगळे कायदे मोजतात आणि प्रत्येकाचं वर्ष वेगळं. आपला आयकर कायदा १ एप्रिल ते ३१ मार्च मोजतो. अमेरिकेचं कर खातं १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. तिथलं इमिग्रेशन तुम्ही विमानतळावर उतरलात त्या दिवसापासून मोजतं. आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, दिवसांच्या जोडीला तुमचा इरादाही बघतो. एका कायद्याचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी आपला आयकर. वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असाल तर तुम्ही रहिवासी, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं कलम सहसा कुणी वाचत नाही. या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल, तरीही तुम्ही रहिवासीच. या ६० दिवसांच्या जागी १८२ धरण्याची सवलत आहे, पण ती परदेशी नोकरीसाठी निघालेल्याला आणि परदेशात स्थायिक असून भारतात भेटीला येणाऱ्याला. निवृत्त माणूस मुलाकडे जातो तो नोकरीला नव्हे. त्याचा व्हिसा पाहुण्याचा, घरदार नागपुरात. त्याचं परत येणं ही ‘भेट’ नव्हे, असंच धरून चालावं. तेव्हा आठ महिने बाहेर राहून चारच महिने नागपुरात काढले, तरी तो रहिवासी. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाला, ‘टॅक्स इयर’ आलं, कलमांचे क्रमांक बदलले. दिवसांची ही कसोटी मात्र तशीच ठेवली आहे.

अनेकांना हे ऐकून वाईट वाटतं. वाटू नये. बहुतेक पेन्शनरांच्या दृष्टीने रहिवासी असणं फायद्याचंच आहे, आणि हे मला आज सगळ्यात ठासून सांगायचं आहे.

समजा, महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आहेत. वर्षाचं पेन्शन ८ लाख, मुदत ठेवींचं व्याज ३ लाख. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की उरतात १०.२५ लाख. २०२५-२६च्या दरांनी रहिवासी म्हणून त्यांना कर शून्य, कारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण सूट आहे. पण ही सूट फक्त रहिवाशांना. तेच गृहस्थ अनिवासी ठरले, तर पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर १० टक्क्यांनी २२,५००. वर ४ टक्के सेस. एकूण ४४,२०० रुपये. उत्पन्न तेच, माणूस तोच. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना मिळणारी ३ लाखांची करमुक्त मर्यादा आणि व्याजावरची ५०,००० रुपयांची वजावट, याही रहिवाशांच्याच.

आता तिकडची बाजू. अमेरिकेच्या बी-२ व्हिसावर दहा वर्षांची तारीख छापलेली असते आणि ती बघून मंडळी निर्धास्त होतात. त्या तारखेपर्यंत तुम्ही दाराशी येऊ शकता, इतकाच तिचा अर्थ. आत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारणपणे सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. उतरल्यावर दोन दिवसांत मुलाला सांगून सरकारी संकेतस्थळावरून आय-९४ काढून घ्या आणि पासपोर्टात ठेवा. मुदत उलटून राहिलात तर तो व्हिसा बाद होतो. १८० दिवसांहून जास्त उलटले तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष उलटलं तर दहा वर्षं. नातवाच्या मुंजीपर्यंत थांबू म्हणून थांबण्याइतकी ही गोष्ट हलकी नाही. मुदतवाढ हवीच असेल तर मुदत संपण्याआधी आय-५३९ हा अर्ज जायला हवा.

आय-९४ पाळली म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याशी संबंध येत नाही, हा पुढचा गैरसमज. त्यांचं गणित असं : या वर्षाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याच्या आधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली आणि या वर्षात निदान ३१ दिवस तिथे असलात, तर कराच्या दृष्टीने तुम्ही अमेरिकेचे रहिवासी. व्हिसा पाहुण्याचा असला तरी दिवस मोजले जातात.

आपल्या प्राध्यापकांचंच घेऊ. ते २० एप्रिलला गेले, १५ ऑक्टोबरला परतले. १७८ दिवस झाले. पहिल्या वर्षी काही प्रश्न नाही. दुसऱ्या वर्षी तेच वेळापत्रक ठेवलं तर १७८ अधिक ५९, म्हणजे २३७. झाले ते रहिवासी, आणि मग नागपूरचं पेन्शन, स्टेट बँकेतलं व्याज, सगळं तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायची वेळ. यातून सुटायचा रीतसर मार्ग आहे. त्या वर्षात १८३पेक्षा कमी दिवस राहिलेला माणूस फॉर्म ८८४० भरून सांगू शकतो, की माझं घर, कुटुंब, बँक, मतदान सगळं भारतात आहे. दोन-तीन पानांचा फॉर्म. तिथे काही कमाई नसेल तर साधारण १५ जूनपर्यंत पाठवायचा. आपल्याकडचे किती आई-बाबा तो भरतात, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण मुलांनाही त्याचं नाव ठाऊक नसतं. मुलगा स्वतःचं रिटर्न सॉफ्टवेअरवर भरतो. आई-वडिलांचाही काही कागद असतो हे त्याच्या गावीही नसतं. ज्यांना ही भानगडच नको, त्यांनी दर वर्षी १२१ दिवसांत परतावं. तिन्ही वर्षं १२१ धरली तर बेरीज १८३च्या आत राहते. आणि तिथे असताना हृदयविकाराचा झटका वगैरे येऊन डॉक्टरांनी प्रवास बंद केला, तर ते दिवस मोजणीतून वगळता येतात. त्याला वेगळा फॉर्म ८८४३ आणि डॉक्टरांची सही लागते.

फॉर्म ८८४०ला एक अट आहे. ग्रीन कार्डसाठी अर्ज केलेला असेल तर तो मार्ग बंद.

ग्रीन कार्डाबद्दल मी स्पष्टच लिहितो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचे नागरिक झाले आणि २१च्या वर असले, की आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो. त्यांना वार्षिक कोट्याची रांग नसते. म्हणून मुलं प्रेमाने म्हणतात, ‘बाबा, करून टाकू.’ ज्यांनी नागपूरचं घर आवरून तिकडेच राहायचं ठरवलं आहे, त्यांनी जरूर करावं. पण ज्यांना दर हिवाळा इथेच काढायचा आहे, त्यांना ते कार्ड म्हणजे गळ्यातलं ओझं आहे. कार्ड मिळालं की जगभरातलं उत्पन्न दर वर्षी तिथे दाखवायचं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबीएआर हा वेगळा तपशील भरायचा. आयुष्यभराची ग्रॅच्युइटी ठेवीत असलेल्या माणसाची ती जातेच. आपल्या म्युच्युअल फंडांना तर तिथे फार जाचक नियम आहेत. शिवाय सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की प्रश्न विचारतात, आणि री-एन्ट्री परमिट न घेता वर्षभर बाहेर राहिलात तर कार्डच धोक्यात. ६५ वर्षांवरच्यांना मेडिकेअर मिळेल या आशेने कार्ड घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की ज्यांनी तिथे नोकरी केलेली नाही त्यांना त्यासाठी आधी सलग पाच वर्षं राहावं लागतं आणि मग हप्ते भरावे लागतात.

ग्रीन कार्डावर कायमचं राहायला निघालात की फेमाच्या दृष्टीने त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी. साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं. पेन्शन त्यात जमा होऊ शकतं. मात्र एनआरओच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि सेस कापला जातो. स्वघोषणेचा फॉर्म (पूर्वीचा १५एच) भरून कपात थांबवण्याची सोय संपली. अमेरिकेचा कर रहिवासी दाखला आणि त्यासोबतचा फॉर्म (पूर्वीचा १०एफ) बँकेला दिला तर करारानुसार ही कपात १५ टक्क्यांवर येते, पण तो दाखला दर वर्षी तिकडून मागवावा लागतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पाहुण्याच्या व्हिसावर जाऊन परत येणाऱ्यांना यातलं काही करायचं नाही. त्यांचं खातं आहे तसंच राहू द्यावं.

कायमचं गेलेल्यांच्या घरी मग वर्षा-दोन वर्षांनी नागपूरचा फ्लॅट विकायचं निघतं आणि तिथे मोठा फटका बसतो. समजा फ्लॅट ८० लाखांना जातो आहे. विकणारा रहिवासी असेल तर घेणारा १ टक्का, म्हणजे ८०,००० कापतो. विकणारा अनिवासी असेल तर दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के दर, सरचार्ज आणि सेस धरून कपात करायची असते, आणि नफा नेमका किती हे घेणाऱ्याला ठरवता येत नसल्यामुळे तो पूर्ण किमतीवरच कापतो. ती रक्कम ११ लाखांच्या वर जाते. परतावा मिळतो, पण रिटर्न भरल्यानंतर. त्यापेक्षा इसारपावती करण्याआधीच आयकर अधिकाऱ्याकडे कमी कपातीच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. आणखी एक : २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर भरण्याचा पर्याय ठेवला आहे, तोही रहिवाशांपुरताच. घर विकायचंच असेल तर कायमचं निघण्याच्या आधी विका.

कॅनडाची तऱ्हा वेगळी. तिथला सुपर व्हिसा आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीच आहे आणि जुलै २०२२पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा मात्र सक्तीचा. त्यावर सलग दोन वर्षं राहिलात तर भारतातले दिवस शून्य होतात आणि मग तुम्ही खरोखरच अनिवासी ठरता. वरचं ४४,२००चं गणित तेव्हा लागू पडतं. ऑस्ट्रेलियाचा ८७० क्रमांकाचा व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा आहे आणि महाग आहे. ब्रिटनमध्ये व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका भेटीत सहा महिनेच, आणि आई-वडिलांना कायमचं नेण्याचा रस्ता २०१२पासून जवळजवळ बंदच आहे.

नोव्हेंबरात बाहेर असाल तर हयातीच्या दाखल्याचं विसरू नका. राज्य सरकारचे पेन्शनर बँकेत जाऊन यादीवर सही करतात. परदेशातून ते शक्य नाही. त्यांनी जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून दाखला काढावा किंवा जवळच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवावा. मात्र आधार आणि बँकेतलं नाव जुळतं की नाही, हे निघण्यापूर्वी इथेच तपासा. परदेशात ते दुरुस्त करणं फार अवघड जातं.

देशभरातले आयकर अधिकारी जिथे घडतात ती राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी छिंदवाडा रोडवर, आपल्याच गावात आहे. तिने वर्षातून एक दिवस निवृत्तांसाठी खुला मार्गदर्शन वर्ग घेतला, तर किती घरांचा मनस्ताप वाचेल! तो घ्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे, आणि तिथे पहिला विषय शेड्यूल एफएचा, म्हणजे रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्याचा असावा.

कारण मुलगा सोयीसाठी आईचं नाव आपल्या तिकडच्या बँक खात्यात लावतो. पैसे त्याचे, आईने एक डॉलरही काढलेला नसतो. पण आई भारतात रहिवासी आहे, त्यामुळे ते खातं तिच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये दाखवावं लागतं. नुसता सहीचा अधिकार असला तरी दाखवावं लागतं. म्हणजे आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरायचा. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला, स्थावर सोडून, या दंडातून मोकळीक दिली आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात २०१५ साली झालेल्या करारामुळे तिथल्या खात्यांची माहिती आपल्या आयकर खात्याकडे येते आणि नोव्हेंबर २०२४मध्ये अशा करदात्यांना एसएमएस आणि ईमेलही गेले. तुमच्या नावाने असं खातं आहे का, हे आजच मुलांना विचारा. असेल तर १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातलं विवरण मागवून ठेवा. या एका तक्त्यापुरतं आपलं खातंही कॅलेंडर वर्षच धरतं.

पुढील लेखांकात : एनआरओ खात्यातले पैसे बाहेर पाठवताना लागणारे कागद.