सेवेकऱ्यांच्या पायांची काळजी : दाब देणारे मोजे कसे निवडावेत



मंदिरातील सेवा बहुतांशी उभ्याने करावयाची असते. स्वयंपाकघरात, पादत्राणांच्या मांडणीपाशी, दर्शनाच्या रांगेत सेवेकरी आठ-आठ तास उभे असतात. कार्तिक पौर्णिमेची रामपायलीची यात्रा असो वा श्रावण सोमवारी लांजीच्या कोटेश्वराचे दर्शन असो, सायंकाळी घरी परतल्यावर पाय जड होणे, घोट्याशी सूज येणे, पोटऱ्यांत कळ येणे ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. अशा वेळी कुणीतरी औषधाच्या दुकानातून घट्ट मोजे आणून देतो. हे मोजे योग्य व्यक्तीस उपकारक आहेत. अयोग्य व्यक्तीस मात्र त्यांपासून गंभीर अपाय होऊ शकतो. हा भेद सर्वांस कळावा, यासाठी प्रस्तुत लेख.

पायांत रक्त का साचते?

हृदयाकडून पायांकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्यांस रोहिणी व परत आणणाऱ्या वाहिन्यांस नीला म्हणतात. पायांतील रक्तास वर चढावयाचे असते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात व नीलेतील रक्त वर ढकलतात. नीलेतील लहान झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. मनुष्य स्थिर उभा राहिला की घोट्याजवळील नीलेत सुमारे 80 ते 100 मिलिमीटर पारा इतका दाब असतो. चालू लागताच तो पुष्कळ उतरतो. म्हणून चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे पायांस अधिक जाचक असते. झडपा निकामी झाल्यास नीला फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात. यासच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

मोज्यांचे कार्य

वैनगंगेच्या घाटावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता पाय हलके वाटतात, हा अनुभव अनेकांस असेल. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. म्हणजे घोट्यावर सर्वांत जास्त व वर येता येता कमी. अमेरिकेतील टोलेडो शहरात राहणारे अभियंते कॉनराड जॉब्स्ट यांस स्वतःस नीलांचा विकार होता. पोहण्याच्या तलावात पायांस आराम पडतो, हे त्यांच्या ध्यानी आले आणि 1950 च्या सुमारास त्यांनी याच तत्त्वावर मोजे तयार केले. घोट्यावर सुमारे 27 सेंटिमीटर पाणी असता जो दाब पडतो, तो साधारण 20 मिलिमीटर पारा इतका असतो. मध्यम दाबाचे मोजे घोट्यावर जवळपास तेवढाच दाब देतात.

हे मोजे सूज व जडपणा कमी करतात. फुगलेल्या नीला त्यांनी पूर्ववत होत नाहीत, हे ध्यानी ठेवावे. पंढरपूर वा अन्य दूरच्या क्षेत्री बसने अथवा रेल्वेने बसून जाणाऱ्यांसही त्यांचा उपयोग होतो.

प्रथम दुखण्याची पारख करावी

"पाय दुखतात" या एकाच तक्रारीमागे दोन परस्परविरुद्ध कारणे असू शकतात.

1) दिवसभर उभे राहिल्यावर दुखणे वाढते, पाय उशीवर उंच ठेवल्यास उतरते, घोट्याशी सूज असते : हा बहुधा नीलांचा दोष. येथे मोजे हितकारक.

2) थोडे अंतर चालताच पोटरी आवळते, थांबल्यावर बरे वाटते, पाय गार पडतात, रात्री पाय उंच ठेवल्यास कळ वाढते व खाली सोडल्यास कमी होते : हा रोहिणीचा दोष असू शकतो. पायांकडे येणारे रक्तच अपुरे असता घट्ट मोजे चढविल्यास ते आणखी अडते. जखम होऊन बोट वा पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. हा वात समजून स्वस्थ बसू नये.

तंबाखू-बिडीचे व्यसन असणारे, मधुमेही व वयोवृद्ध यांनी डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्यावी. घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर 0.8 हून कमी असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून हे मोजे घालू नयेत. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांस मोजा रुतलेला कळत नाही. त्यांनी विशेष सावध असावे. हृदयविकाराने दोन्ही पाय सुजलेले असल्यास किंवा त्वचा चिघळली असल्यासही प्रथम डॉक्टरांस विचारावे.

एकच पाय अकस्मात सुजला, तापला व दुखू लागला, तर खोल नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तो पाय चोळू नये, मोजा घालू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सोबत दम लागत असल्यास क्षणाचाही विलंब नको.

शेजारच्या गोंदिया-भंडारा भागात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आहे. त्या सुजेवर आधी पट्टी बांधून सूज उतरविली जाते व नंतर मापाचा मोजा दिला जातो. बाजारातून परस्पर घेतलेला मोजा येथे उपयोगी पडत नाही.

माप व निवड

1) माप सकाळी, सूज येण्यापूर्वी, शिंप्याच्या टेपने घ्यावे : घोट्याच्या हाडांवरील सर्वांत बारीक भाग, पोटरीचा सर्वांत जाड भाग, आणि जमिनीपासून गुडघ्याखालच्या वळीपर्यंतची उंची. दोन्ही पाय वेगवेगळे मोजावेत. चपलेचा नंबर सांगून मोजे घेऊ नयेत.

2) केवळ थकव्यासाठी 15 ते 20 मिलिमीटर पारा दाबाचे मोजे पुरतात. 20 ते 30 व त्यापुढील दाबाचे मोजे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावेत. वेष्टनावर दाबाचा आकडा नसल्यास ते घेऊ नयेत.

3) बहुतेकांस गुडघ्याखालपर्यंतचे मोजे पुरेसे होतात. आपल्याकडील उन्हाळ्यात पातळ विणीचे, बोटे उघडी असणारे मोजे सुसह्य वाटतात.

4) मापाचा मोजा घट्ट परंतु सुखद वाटतो. वरची कड रुतणे, मुंग्या येणे, बोटे निळी वा गार पडणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ काढावा.

वापराचे नियम

मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घालावेत व रात्री निजताना काढावेत. टाचेपर्यंत उलटा करून, मग हळूहळू वर सरकवावा. सुरकुती राहू देऊ नये. वरची कड दुमडू नये, कारण तेथे दाब दुप्पट होऊन रक्त अडते. रोज सौम्य साबणाने धुवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळवावेत. दोन जोड असावेत; साधारण सहा महिन्यांनी ताण सैल पडतो, तेव्हा नवे घ्यावेत.

ओल्या फरशीवर किंवा धानाच्या रोवणीच्या चिखलात हे मोजे घालू नयेत. ओला मोजा त्वचा कुजवतो. देवालयात जाण्यासाठी धुतलेला स्वतंत्र जोड ठेवावा आणि तेथील प्रथा विचारून घ्यावी.

मोज्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे दर अर्ध्या तासाने टाचा दहा-वीस वेळा उचलणे, संधी मिळताच चार पावले चालणे आणि रात्री पाय उंच ठेवणे. व्यवस्थापकांनीही सेवेची पाळी बदलत ठेवावी व वृद्ध सेवेकऱ्यांस बसून करावयाची कामे द्यावीत. पाय दुखत असता ते लपवून उभे राहणे ही सेवेची अट नव्हे.

सर्वांचे पाय भगवंताच्या दारी येण्यास दीर्घकाळ समर्थ राहोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.