युरोपातील बीच वने आणि बदलते हवामान

२०१८ च्या उन्हाळ्यात जर्मनीमध्ये पावसाने दीर्घकाळ ओढ दिली. ऐन जुलै-ऑगस्टमध्येच बीच वृक्षांची पाने करपून गळू लागली. २०१९ चा उन्हाळाही कोरडा गेल्याने अनेक जुने वृक्ष शेंड्याकडून वाळत गेले. हेसेन राज्यातील वनांत मात्र पाहणाऱ्याला एक कोडे पडत होते. एक वृक्ष जवळजवळ निष्पर्ण झालेला, तर त्याच्या शेजारीच उभा असलेला दुसरा हिरवागार. जमीन तीच, पाऊस तोच, ऊनही तेच. मग हा भेद कशामुळे?

‘बीच’ या नावाचा समुद्रकिनाऱ्याशी काही संबंध नाही. राखाडी, गुळगुळीत सालीचा, ३० ते ४० मीटर उंच जाणारा हा पानझडी वृक्ष मध्य युरोपातील वनांचा मूळ धनी होय. माणसाने वने तोडली नसती तर जर्मनीचा बहुतांश भाग त्यानेच व्यापला असता. आज तेथील वनक्षेत्राचा सुमारे सहावा हिस्सा त्याच्याकडे उरला आहे.

हेसेनमधील संशोधकांनी एक रोगट आणि एक निरोगी अशा शेजारी वृक्षांच्या दोनशेहून अधिक जोड्या निवडून त्यांच्या जनुकांची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या गुणांच्या वाहकांची, तुलना केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या जनुकसंचात १०६ ठिकाणी लक्षणीय फरक आढळले. अवर्षण सोसण्याची शक्ती कोणा एका जनुकात नसून अनेक जनुकांत विखुरलेली आहे, आणि ती एकाच वनातील वृक्षांत कमीअधिक प्रमाणात वाटली गेली आहे, असा याचा अर्थ.

हे समजण्यासाठी आपल्याकडील आमराई आठवावी. हापूसची कलमे परस्परांची प्रतिरूपे असतात, तर कोयीपासून वाढलेल्या रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाची चव निराळी, मोहराचा काळ निराळा. बीचचे नैसर्गिक वन अशा रायवळ आमराईसारखे आहे. त्याच्या एकूण जनुकीय विविधतेचा फार मोठा भाग एकेका वनातच सामावलेला असतो. संकट कोणत्या रूपाने येईल हे ठाऊक नसताना ही विविधता हेच वनाचे खरे भांडवल ठरते.

या भांडवलाची देवघेव वाऱ्यामार्फत होते. बीचचे परागकण वाऱ्याने वाहून जातात. त्यांपैकी बहुतेक जवळच्या वृक्षांपर्यंतच पोहोचत असले, तरी थोडे कण दूरच्या वनांतही नवे गुण घेऊन जातात. त्रिकोणी बिया मात्र जड असल्याने झाडाखालीच पडतात. निळकंठासारखे रंगीत पंख मिरवणारा जे नावाचा पक्षी आणि उंदीर त्या थोड्याफार दूर नेतात. शिवाय दाट वनातील बीचला बी धरण्यास साधारणतः साठ-सत्तर वर्षे लागतात आणि त्यानंतरही भरघोस बी काही वर्षांच्या अंतरानेच येते. हवामान काही दशकांत बदलू लागले तर इतक्या संथ पावलांनी त्याला गाठता येईल काय, ही खरी चिंता आहे.

पूर्वी अशी संधी मिळाली ती सहस्रकांच्या हिशेबाने. हिमयुगात बीच युरोपच्या दक्षिणेकडील काही आश्रयस्थानांपुरता उरला होता. हिम ओसरल्यावर मध्य युरोपात तो प्रामुख्याने आल्प्सच्या पूर्वेकडील टोकाकडून, आजच्या स्लोव्हेनियाच्या परिसरातून पसरला. इटली आणि दक्षिण बाल्कनमधील बीच मात्र बव्हंशी तेथेच राहिला.

मग दक्षिणेकडील उष्णता सोसलेल्या वृक्षांचे बी आणून उत्तरेत लावावे, असा सरळ उपाय सुचतो. परंतु तो वाटतो तितका निर्धोक नाही. १९९५ आणि १९९८ मध्ये युरोपातील अनेक देशांत ठिकठिकाणचे बी एकत्र लावून प्रयोगक्षेत्रे उभारण्यात आली. आग्नेय युरोपातील रोपांना पालवी लवकर फुटते, तर वायव्येकडील रोपांना उशिरा, असे त्यांतून दिसून आले. लवकर फुटलेली कोवळी पालवी उशिराच्या हिमकडाक्यात सापडते. मे २०११ मध्ये बव्हेरियातील बीच वनांचे असे नुकसान झाले होते. एक गुण आणताना दुसरा दोषही पदरात पडू शकतो तो असा. म्हणून स्थानिक वृक्षांची जागा परक्यांना न देता, त्यांच्यात थोडे बाहेरचे बी मिसळावे आणि उरलेले काम परागकणांवर सोपवावे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

२०१८ मध्ये हिरवे राहिलेले मोजकेच वृक्ष निवडून त्यांचेच बी सर्वत्र पेरावे, हा मोहही आवरला पाहिजे. उद्याचे संकट अवर्षणाऐवजी एखाद्या किडीचे असू शकेल. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार तेथे विक्रीच्या वनबियाण्यासोबत त्याच्या मूळ स्थानाची नोंद ठेवावी लागते.

आपल्या वनखात्याचे जर्मनीशी नाते जुने आहे. १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रँडिस हे बॉन येथे जन्मलेले होते. आपल्या गावच्या रोपवाटिकेत पिशव्या मोजताना ‘रोपे किती?’ हे आपण हटकून विचारतो. ‘बी कोणत्या रानातले, आणि किती झाडांचे?’ हा प्रश्नही त्याच नोंदवहीत एका रकान्यात मावण्यासारखा आहे.