ट्रॅक्टरचे पुढचे टायर एकाच कडेला का झिजते?

सोयाबीनच्या दिवसांत देगलूरच्या मोंढ्यात ट्रॉल्यांची रांग लागली की ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे जरा वाकून पाहा. कुणाचे टायर मधोमध गुळगुळीत, कुणाचे एकाच कडेला खाल्लेले.

मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. हवा टायर थंड असताना मीटरने मोजावी. लाथ मारून अंदाज बांधू नये.

एकच कडा झिजली तर मात्र बहुधा चाकांची दिशा चुकलेली असते. बाहेरची कडा गेली तर चाके पुढून जास्त आत वळलेली, आतली गेली तर बाहेर फाकलेली. ही तपासणी घरच्या घरी होते. ट्रॅक्टर सपाट जागी, स्टिअरिंग सरळ ठेवून उभा करा. दोन्ही पुढच्या टायरांच्या मध्यावर, समोरून, आसाच्या उंचीवर खडूने खुणा करून अंतर मोजा. मग ट्रॅक्टर हळूच सरळ पुढे घ्या. खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटरच कमी हवे. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. फरक पडला तर टायरॉड जुळवून घ्या. पण त्याआधी चाक जॅकवर उचलून, आसाखाली लाकडी ठोकळा देऊन, हलवून पाहा. बेअरिंग किंवा किंगपिनचा बुश ढिला असेल तर केलेली जुळणी टिकायचीच नाही.

फोर व्हील ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक करावे. नांदेडच्या डांबरी रस्त्याला लागताच पुढच्या चाकांचा जोर बंद करावा, नाहीतर नवी नक्षीसुद्धा झपाट्याने जाते.