पोवळी नाहीत, तरी बघण्यासारखं खूप आहे

मंडळी, समुद्रातलं जीवन बघायचं म्हटलं की आपल्याला मालदीव आठवतं, लक्षद्वीप आठवतं. पोवळ्यांचे खडक, निळं पाणी, रंगीत मासे. मग अलिबाग-मुरुडला गेल्यावर आपण म्हणतो, इथलं पाणी गढूळ, इथे काय बघायचं? आज आपण याच गढूळ पाण्यापासून सुरुवात करूया.

प्रवाळ, म्हणजे पोवळ्याचा जीव, एकटा जगत नाही. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, आणि त्याचं बरंचसं अन्न तेच बनवतं. शैवालाला ऊन हवं, म्हणून पाणी नितळ आणि उथळ हवं. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र कुंडलिका, सावित्री अशा नद्या सह्याद्रीचा पाऊस आणि माती घेऊन येतात. त्या गाळात मोठं प्रवाळ-बेट उभं राहणं अवघडच. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर, विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. तिथे हा गाळ पोचत नाही, म्हणून तिथे प्रवाळ आहेत. त्याचं नाव आंग्रिया बँक. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातून आरमार चालवणाऱ्या कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं.

पण तोच गाळ खाड्यांमध्ये खारफुटी वाढवतो, आणि खारफुटीत मासळीची पिल्लं वाढतात. तेव्हा गढूळ पाणी म्हणजे मेलेलं पाणी नव्हे.

आता बघायचं कधी? कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जितकं चढतं तितकंच खाली जातं. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत सकाळी सात-साडेआठच्या सुमारास खडक उघडे पडतात. तेव्हा डबक्यांत समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं निवांत बघता येतात. हा अंदाज झाला. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या कोळ्यांना विचारायचंच.

वाळूचंही तसंच. हरिहरेश्वर, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. मादी साधारण दीड फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पन्नासएक दिवस ती अंडी वाळूच उबवते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. पिल्लं बाहेर आली की क्षितिजावरच्या उजेडाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. आता विचार करा, मागे हॉटेलचे दिवे लखलखत असतील तर ती कुठे जातील? आणि किनाऱ्यावर गाडी फिरवून वाळू दाबून टाकली, तर आतलं पिल्लू वर कसं येणार?

पलीकडे, सावित्रीच्या दक्षिणेला, रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास आहे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात, घरचं जेवतात. पूर्वी जी अंडी पळवली जात, ती आज गाव राखतं, कारण जिवंत पिल्लाने गावाला चार पैसे मिळतात. म्हणजे आपण कुठे उतरतो आणि पैसे कोणाच्या हातात देतो, यावरही किनारा टिकणं अवलंबून आहे.

म्हणून आपण तीन गोष्टी पाळूया. गाडी रस्त्यावरच ठेवायची. रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि फ्लॅश मारायचा नाही. आणि डबक्यातला दगड उलटून पाहिला, तर जसा होता तसा परत ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला कोणाचं तरी घर असतं.